चष्मा घरी राहिला

(आपल्या देवस्थानातील ज्येष्ठ भक्तांच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. सेवेसंबंधीचं आवाहन शेवटी आहे.)



माझी सारी नोकरी एका सार्वजनिक वाचनालयात गेली. त्यामुळे विश्वस्तांनी 'काहीतरी बोला' म्हटल्यावर मी पुस्तकांवरच बोलणार हे तुम्हाला ठाऊकच होतं. पण आज मी पुस्तक वाचणाऱ्यांविषयी बोलणार नाही. ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्याविषयी बोलणार आहे. आणि त्यासाठी तुम्हाला थोडं लांब, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट या गावी नेणार आहे. माझी लेक तिथे राहते, म्हणून माझं दोनदा जाणं झालं.

आधी आपल्याच सभामंडपातली गोष्ट. पारायणाला बसल्यावर पोथी हातोहात पुढे सरकते. एखाद्या ताई ती घेतात, क्षणभर पाहतात आणि शेजारणीकडे देतात. "तुम्हीच वाचा हो, माझा चष्मा घरी राहिला." कधी तो खरंच घरी राहिलेला असतो. कधी पिशवीत असतो, पण त्याने आता दिसत नाही. आणि कधी प्रश्न चष्म्याचा नसतोच, लहानपणी शाळाच सुटलेली असते. हरिपाठ तोंडपाठ असतो, पण अक्षर लावता येत नाही. हे सांगायचं कसं? त्यापेक्षा चष्मा बरा.

गंमत पाहा. नेदरलँड्समध्ये वाचायला न येणाऱ्या प्रौढांना ओळखायचं कसं, हे दवाखान्यातल्या आणि कचेरीतल्या लोकांना शिकवतात. त्यात सांगतात, 'चष्मा विसरलो' असं कोणी वारंवार म्हणत असेल तर जरा लक्ष द्या. भाषा वेगळी, देश श्रीमंत, शाळा सक्तीची, आणि सबब हीच! त्या देशाची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात. त्यांत सोळा वर्षांवरील सुमारे २५ लाख लोकांना वाचणं, लिहिणं किंवा साधी आकडेमोड कठीण जाते, असा तिथला २०१६ सालचा सरकारी अंदाज होता. हे सगळे बाहेरून आलेले असतील असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्यांतले पुष्कळजण तिथेच जन्मले आणि तिथल्याच शाळेत गेले.

मास्ट्रिख्ट हे मास नदीकाठचं जुनं गाव, बेल्जियमच्या सरहद्दीला अगदी लागून. १९९२ साली युरोपीय संघाचा करार तिथे झाला म्हणून त्याचं नाव जगाला माहीत. नदीच्या पूर्वेकडे चिनी मातीची भांडी करणारा एक मोठा कारखाना होता. तो गेला आणि त्या जागेवर नवी वस्ती उभी राहिली. तिथेच 'सेंत्र सेरामिक' नावाची इमारत आहे. यो कूनेन या वास्तुरचनाकाराने ती बांधली, १९९९ साली ती उघडली, आणि गावाचं सार्वजनिक ग्रंथालय तिच्यात आहे. जिथे एके काळी मजूर कपबशा भाजत, तिथे आता त्यांची नातवंडं पुस्तकं चाळतात. त्या नातवंडांपैकी अनेकांच्या घरची बोलीही शाळेच्या डच भाषेहून निराळी असते. आपल्याकडे अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत पाठ्यपुस्तकाची भाषा जशी परकी वाटते, तसंच काहीसं.

तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांच्या विभागात एक वेगळा कोपरा करण्याची पद्धत आहे. त्याच्या डच नावाचा अर्थ 'सोप्या वाचनाचा चौक'. आठ ते तेरा वर्षांच्या ज्या मुलांना वाचन जमत नाही, त्यांच्यासाठी तो असतो. काहींना डिस्लेक्सिया असतो, म्हणजे बुद्धी चांगली असून अक्षरं लागत नाहीत; काहींना नुसताच कंटाळा असतो. ही कल्पना मूळ स्वीडनमधली. मी आयुष्यभर पुस्तकं कण्याकडून लावली, कारण कपाटात जागा कमी. इथे पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून मांडतात. ज्याला वाचता येत नाही तो कण्यावरचं नाव कसं वाचणार? चित्र पाहून तरी हात पुढे जातो. पुस्तकातल्या ओळी सुट्या, अक्षर ठसठशीत, चित्रं भरपूर. विषय मात्र वयाला साजेसे: फुटबॉल, भुतं, प्राणी. हे महत्त्वाचं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात 'कमळ, बगळा' ठेवलं की तो अपमानाने लाल होतो आणि पुन्हा त्या दाराशी येत नाही. शेजारीच त्याच गोष्टीचं ध्वनिमुद्रित पुस्तक असतं. कानात आवाज, बोट अक्षरावर. आजी पोथी वाचताना नातू मांडीवर बसून पाहायचा, तीच ही रीत.

मोठ्यांसाठीही सोयी आहेत. मोठ्या अक्षरांतल्या कादंबऱ्यांची स्वतंत्र कपाटं असतात, आणि तिथे सर्वांत जास्त गर्दी आपल्या वयाच्या लोकांची. ज्यांना मोठं अक्षरही दिसत नाही त्यांच्यासाठी 'डेझी' पद्धतीची बोलकी पुस्तकं आहेत. ही साध्या कॅसेटसारखी नसतात. प्रकरण, पान शोधता येतं, गती कमी-जास्त करता येते, आणि काल डोळा लागला तिथून आज पुढे सुरू करता येतं. यंत्राची बटणं मोठी, बोटाला कळणारी. २०१५ पासून लागू झालेल्या ग्रंथालय कायद्याने ही सेवा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जबाबदारी केली. म्हणजे ती कोणाच्या दयेवर नाही. अनेक गावांत जिने उतरता न येणाऱ्या वाचकाच्या घरी स्वयंसेवक पुस्तकं पोचवतात आणि परतही नेतात. आणि हो, मोठेपणी वाचायला शिकू पाहणाऱ्यांना ग्रंथालयातच शिकवण्या मिळतात. सत्तराव्या वर्षी अक्षर गिरवायला बसलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, हे मला फार आवडलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे. आहेच. पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. अंध आणि वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांची सुलभ प्रत करायला लेखक-प्रकाशकाच्या हक्काची आडकाठी येऊ नये, यासाठी २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ साली. नेदरलँड्स युरोपीय संघाबरोबर त्यात आला तो २०१८ मध्ये. आपल्या कॉपीराइट कायद्यात तर २०१२ सालीच दुरुस्ती झाली होती. जो अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू शकत नाही, त्याच्यासाठी ब्रेल, ध्वनिमुद्रित किंवा अन्य सुलभ प्रत नफा न घेता करून देता येते. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून आहे, तिचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं.

मग अडलं कुठे? अडलं शेवटच्या पन्नास पावलांत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगावी पोचली. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वाचनालयांत मोठ्या अक्षरांचं वेगळं कपाट नाही, आणि 'मला वाचता येत नाही, काही ऐकायला आहे का?' असं विचारायची सोय नाही. विचारणाराही नसतो, कारण ज्याला वाचता येत नाही त्याने वाचनालयाचा उंबरा चढायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. मराठी प्रकाशकांनी मोठ्या अक्षराची गरज ओळखली ती पोथ्यांपुरती. मुखपृष्ठावर 'मोठा टाइप' असं अभिमानाने छापतात. देवाचं पुस्तक आजीला दिसलं पाहिजे, मग कादंबरी आणि प्रवासवर्णन तिला दिसायला नको का?

काही मंडळींना शंका येते, की ऐकणं म्हणजे काही खरं वाचन नव्हे. आपण तरी हे म्हणू नये. नवविधा भक्तीत पहिलं स्थान श्रवणाला आहे. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. चौतिसाव्या वर्षी देह ठेवला, तोवर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नावावर झाले होते. दुसऱ्यांनी वाचून दाखवायचं, महाराजांनी ऐकायचं; महाराजांनी सांगायचं, दुसऱ्यांनी लिहून घ्यायचं. त्यांना वाचून दाखवणारी माणसं नसती तर? त्या वाचणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण काम त्यांचंही आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. अक्षर धूसर झालं की 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका, आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून तो लवकर सापडायला हवा. वाचताना दिवा खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा ठेवा, तोंडावर नको.

आता आवाहन. विश्वस्तांशी बोलणं झालं आहे. देवस्थानाच्या खोलीत एक कपाट मोकळं करून मिळणार आहे. तुमच्या घरी मोठ्या टाइपाच्या पोथ्या, मोठ्या अक्षरांची कोणतीही मराठी पुस्तकं, चांगल्या स्थितीतली भिंगं असतील तर द्यावीत. ज्यांचा आवाज स्वच्छ आहे त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. कोणाच्या घरी जाऊन वर्तमानपत्र, पत्र, औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना वाचून दाखवायच्या. एका घरासाठी एकच वाचक ठरवू, म्हणजे ओळख होते आणि लाज जाते. ध्वनिमुद्रण करायला तरुणांपैकी दोघेतिघे हवेत. त्याची सुरुवात जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकांपासून करू. वाचायला शिकायचं असेल त्यांच्यासाठी मी स्वतः मंगळवारी दुपारी बसेन, दार लावून बसेन. कोण येतं याची चर्चा बाहेर होणार नाही.

आणि विश्वस्तांना सर्वांसमोर एक विनंती. आपलं हे पत्रक इतक्या बारीक अक्षरांत निघतं की देणगीदारांना स्वतःचं नाव शोधायला नातवाला बोलवावं लागतं. दोन पानं वाढली तरी चालतील, पण पुढच्या अंकापासून अक्षर मोठं करावं. कागदाचा वाढीव खर्च मी आणि आणखी काही जण मिळून पहिलं वर्षभर देऊ.

ज्यांना यात यायचं आहे त्यांनी कार्यालयातल्या वहीत नाव लिहावं. लिहिणं अडचणीचं असेल तर नुसतं सांगावं, वहीपाशी बसणाऱ्या ताई लिहून घेतील.