मोटारीचा झिजलेला सांधा

मोटारीचा पहिला गियर टाकून क्लच सोडताच गाडीच्या पोटाखाली ‘खट्’ असा आवाज व्हावा, मागे घेताना तोच पुन्हा यावा आणि सावकाश चालताना चिमण्यांच्या चिवचिवाटासारखी कुरकुर ऐकू यावी, असे झाले की जाणता मालक लगेच इंजिनाला दोष देत नाही. तो गाडीखाली वाकून प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांचे सांधे हातांनी पिळून पाहतो. या सांध्यास युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. गॅरेजच्या बोलीत तो नुसता ‘क्रॉस’ होय.

आजच्या बहुतेक लहान मोटारींना पुढची चाके ओढतात. परंतु २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे तयार होत असलेली ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप यांत गियरबॉक्सची शक्ती एका लांब दांड्यामार्फत मागच्या आसापर्यंत जाते. खाचखळग्यांतून हा आस सारखा खालीवर होतो. म्हणून दांड्याला फिरता फिरता वाकताही आले पाहिजे. हे काम अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा करतो. त्याच्या चारही टोकांवर टोपणे असून प्रत्येक टोपणात सुईएवढ्या बारीक रुळांचे कडे असते. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने अशा सांध्याचे वर्णन केले, तर मोटारीस योग्य अशा सांध्याचे पेटंट अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यास १९०३ मध्ये मिळाले.

या लहानशा वस्तूची हयगय का करू नये? बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवून इंजिनाचा जो आवर घेतला जातो, तो याच दांड्यातून चाकांपर्यंत पोचतो. सांधा तुटताच तो आवर नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो. पुढचा सांधा तुटून दांडा रस्त्यात रुतला, तर गाडी उचलली जाण्याचेही भय असते.

दुरुस्ती घरी करता येते. मात्र पहिली काळजी जिवाची. दांडा काढल्यावर गियर घालून ठेवलेली गाडीही जागची हलू शकते, आणि काही जुन्या जीपगाड्यांत तर हातब्रेकही या दांड्यावरच चालतो. म्हणून जमीन सपाट असावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि मागची बाजू भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये.

दांडा सोडविण्यापूर्वी त्यावर आणि समोरच्या चकतीवर रंगाची खूण करावी. दांडा मधल्या सरकत्या जोडात वेगळा होत असेल, तर तेथेही खूण हवी. एकटा सांधा वाकलेल्या स्थितीत गती सारखी ठेवीत नाही. दहा अंशांच्या कोनात ती प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा सुमारे दीड टक्का वाढते व तितकीच घटते. दुसरा सांधा हा दोष भरून काढतो, पण दोहोंची मांडणी जुळलेली असली तरच. खूण चुकली तर नवा सांधा घालूनही गाडी थरथरते.

दांडा बाहेर आल्यावर सांधा स्वच्छ करून टोपणांवरील सर्क्लिपा पकडीने काढाव्यात. नंतर व्हाइसमध्ये एका बाजूस टोपणाहून लहान व दुसऱ्या बाजूस मोठे सॉकेट धरून दाब दिला की पलीकडील टोपण मोठ्या सॉकेटात सरकते. दांड्याची पोकळ नळी मात्र व्हाइसमध्ये आवळू नये व तिच्यावर हातोडाही मारू नये. ज्या भोकांत टोपणे बसतात ती लंबगोल झाली असतील, तर नव्या क्रॉसचा खर्च व्यर्थ समजावा.

नवा क्रॉस बसविताना सुया ग्रीसने जागच्या जागी चिकटवून ठेवाव्यात. ग्रीसचे निपल असल्यास ते दांड्याच्या बाजूस राहील असे पाहावे. टोपण पूर्ण आत जात नसेल आणि सर्क्लिपची खाच उघडी पडत नसेल, तर एखादी सुई तळाशी आडवी पडली आहे असे ओळखावे. येथे जोर न करता टोपण पुन्हा काढणे हेच शहाणपण. सर्क्लिपा बसल्यावर हलकेच ठोकून पाहावे. सांधा सर्व बाजूंस अडखळल्यावाचून वळावा, पण त्यात ढिलेपणा मुळीच जाणवू नये.

शेवटी खुणा जुळवून बोल्ट आवळावेत, स्वतः घट्ट राहणाऱ्या जातीचे नट असल्यास ते नवे घ्यावेत आणि थोडे अंतर फिरवून आणल्यावर पुन्हा पान्हा लावून पाहावा. सांधा नीट बसल्याची साक्ष गाडीच देते: क्लच सोडताना पूर्वीचा तो ‘खट्’ ऐकू येत नाही. ज्याच्या हातून ती शांतता परत आली, तो पुढचा घाट अधिक निर्धास्तपणे उतरतो.