फट मोजणारी सुई

वालूरच्या चक्राकार बारवेत काठावरून पाणी दिसते. ते किती खोल आहे, हे पायऱ्या उतरणाऱ्यालाच कळते. या गावाच्या वतीने स्वागत समिती अतिसंवाहक पदार्थांच्या अभ्यासकांचे आणि सेलू-परभणीहून आलेल्या विद्यार्थ्यांचे मनापासून स्वागत करते. पाहुण्यांचे कामही खोलात उतरण्याचेच आहे.

1911 मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा 4.2 केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. रोध गेला, एवढे मीटर सांगतो. का गेला, ते स्पेक्ट्रोस्कोपीला, म्हणजे ऊर्जेच्या मोजमापाला, विचारावे लागते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात. जोडी मोडायला ठरावीक ऊर्जा लागते. ऊर्जेची ही फट आयव्हर जिएव्हर यांनी 1960 मध्ये दोन धातूंच्या मधल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून मोजली.

महाराष्ट्राचा यातला वाटा मोठा आहे आणि तो गावोगावच्या शाळांत सांगायला हवा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इट्रियम, निकेल, बोरॉनच्या नमुन्यात 12 केल्विनजवळ अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली. अशुद्ध नमुना म्हणून तो बाजूला टाकता आला असता. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी खुणेचा माग सोडला नाही. नकळत शिरलेल्या कार्बनची ती करामत होती. मग कार्बन मुद्दाम मिसळला, आणि 1994 मध्ये बोरोकार्बाइड अतिसंवाहकांची वार्ता जगभर गेली.

त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांवर अतिसूक्ष्म टोकाची सुई धरली. सुई थराला टेकत नाही. मधली पोकळी ओलांडून इलेक्ट्रॉन जातात आणि जागोजागची फट मोजता येते. अणूंची मांडणी फार विस्कटलेल्या थरांत नवल दिसले. तापमान वाढले, रोध परतला, तरी फटीची खूण शिल्लकच!

जोड्या मोडल्या नव्हत्या, त्यांचा आपसातला ताल सुटला होता. दिंडीत फुगडी घालणाऱ्यांचे हात हातात आहेत, पण मृदंगाचा ठेका कुणालाच ऐकू येत नाही, असे काहीसे. नुसता रोध मोजून हे कळले नसते.

तेथेच एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ 0.00053 केल्विनला अतिसंवाहक होतो, हे 2016 मध्ये दाखवले. बिस्मथमध्ये वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन फार कमी, त्यामुळे हे नेहमीच्या सिद्धांतात बसत नाही. विद्यार्थ्यांनी पाहुण्यांना आज नेमके तेच विचारावे.

जेवणानंतर सर्वांनी बारवेकडे चलावे. पायऱ्या जुन्या आहेत, सावकाश उतरावे.