शिडाच्या फळीचे दुसरे आयुष्य

माळव्यातील हातोदपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या गृहिणीला आजचा विषय परका वाटू नये. शिडाची फळी तरी समुद्रावर कोठे जन्मली? न्यूमन डार्बी यांनी ती १९६४ साली बनविली, ती अमेरिकेच्या पेनसिल्व्हानियात, म्हणजे महासागराचा किनारा नसलेल्या प्रांतात! पुढे अशा फळ्या प्लास्टिकचे कवच व आत फोम अशा होऊ लागल्या. जुनी झालेली फळी टाकून दिली, तरी तो फोम कुजत नाही. त्याचे कण होऊन पाण्यावर तरंगत राहतात.

हौशी कारागीर मात्र कवच सोलून आतला गाभा काढतात, करवतीने कापून व पॉलिश कागदाने घासून त्याला निमुळता आकार देतात आणि काचतंतूंचे कापड व राळ यांचे नवे आवरण चढवितात. झाली लाटांवर स्वार होण्याची फळी! खरी मेख राळेत आहे. गाभा पॉलिस्टायरीनचा असेल तर स्वस्त पॉलिएस्टर राळ त्याला विरघळवून टाकते आणि सारी मेहनत मातीमोल होते. तेथे एपॉक्सीच हवी. घासताना नाकातोंडावर पट्टीही हवी, कारण ती धूळ वाईट.

विकतची फळी महाग. चेन्नईजवळील कोवळमच्या मूर्ती मेगवन या मच्छीमाराने तर साध्या लाकडी फळीवरच लाटस्वारीचा आरंभ केला होता. घरची फळी मात्र समुद्रात नेण्यापूर्वी तळ्यात तासभर बुडवून ठेवावी व पुन्हा तोलावी. वजन वाढले असेल, तर कोठे तरी भेग राहिली आहे.