पायाचा रक्तपुरवठा : चालणे हाच पहिला उपचार
(व्याख्यानाचा सारांश)



साठी उलटलेली पुष्कळ माणसे सांगतात, "थोडे चाललो की पोटऱ्या भरून येतात, उभा राहिलो की बरे वाटते." घरचे म्हणतात, वय झाले. परंतु ठराविक अंतरावर पोटरी दुखत असेल व थोडे थांबल्यावर दुखणे जात असेल, तर पायाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता असते. धमनीच्या आत चरबीचा थर साचून ती अरुंद होते. तंबाखूचा धूर, मधुमेह व रक्तदाब ही त्याची मोठी कारणे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात, गुणोत्तर ०.९० किंवा कमी आल्यास विकार समजतात.

अशा माणसाला बसवून ठेवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे. रोज ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे. विडी-सिगारेट कायमची बंद करावी. औषधे नियमित घ्यावीत.

दुसरा मार्ग धमनी मोकळी करण्याचा. १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची पायाची धमनी आतून नळी घालून रुंद केली. पाय कापून घेण्यास त्यांनी नकार दिला होता. तो पाय वाचला. आज हेच काम फुगा व स्टेंटने होते. काहींना बायपास लागतो.

मग चालायचे कशाला? नेदरलँड्समध्ये २१२ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली केवळ चालण्याचा व्यायाम केलेल्यांचे चालण्याचे अंतर वर्षभरात सरासरी २८५ मीटरवरून १,२४० मीटर झाले. धमनी मोकळी करून शिवाय व्यायाम केलेल्यांचे २६४ वरून १,५०१. म्हणजे दोन्हींची जोड सरस. परंतु नुसत्या चालण्यानेही अंतर चौपटीहून अधिक वाढले.

मात्र रात्री झोपेत पाऊल ठणकणे, जखम न भरणे, बोट काळे पडणे, ही लक्षणे दिसली तर व्यायामावर विसंबू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. पाय एकाएकी थंड व बधिर पडला, तर प्रश्न काही तासांचा असतो. तेथे रक्तप्रवाह वेळेवर सुरू झाला तरच पाय वाचतो.

बंधू-भगिनींनो, घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, "न थांबता किती चालता?" त्या उत्तरावरून कुणाचा तरी पाय वाचेल.