सुटी, सेवा आणि न्याय



शिक्षकाच्या स्मरणार्थ योजिलेल्या व्याख्यानात विद्यार्थ्यांविषयी बोलणे उचित ठरेल. विद्यार्थ्याच्या अभ्यासाला आपण गुण देतो. त्याच्या सुटीकडे मात्र आपले फारसे लक्ष नसते. आज मी अशाच एका सुटीची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे. काळ १९६४चा उन्हाळा. स्थळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्य.

त्या राज्यात १९६२ साली मतदानास पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातांहूनही कमी लोकांची नावे मतदारयादीत होती. नाव नोंदवू पाहणाऱ्याची नोकरी जाई, घर जळे, प्रसंगी प्राणही जाई. बॉब मोझेस आणि ‘स्निक’ या संघटनेतील त्यांचे तरुण सहकारी तेथे झटत होते. उत्तरेकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीत मदतीस बोलवावे, असे त्यांनी ठरविले. जून महिन्यात ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी शिबिर भरले. हात न उचलता मार कसा सोसावा, याचेही शिक्षण तेथे देण्यात आले. आलेल्या शेकडो विद्यार्थ्यांत बहुसंख्य गोरे होते. आणि अमेरिकेच्या लोकसंख्येत शेकडा तीनच्या आसपास असणाऱ्या ज्यू समाजातील मुलामुलींचे प्रमाण त्यांत कितीतरी पटींनी अधिक होते.

असे का व्हावे? त्यांतील अनेकजण धर्माचार काटेकोरपणे पाळणारे नव्हते. परंतु हिब्रू भाषेत दानाला ‘त्झेदाका’ म्हणतात आणि या शब्दाच्या मुळाशी दया नसून न्याय आहे. जे द्यावयाचे ते उपकार म्हणून नव्हे, तर समोरच्याचे हक्काचे म्हणून द्यावयाचे. शिवाय वल्हांडणाच्या रात्री मिसरातील दास्यमुक्तीची कथा घरोघर सांगितली जाते आणि जणू आपण स्वतःच त्या दास्यातून बाहेर पडलो आहोत, असे प्रत्येकाने मानावयाचे असते. आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिचा ग्रंथ, ‘हगादा’, मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापला गेला. त्यात हिटलरच्या छळछावण्यांची आठवण अवघ्या वीस वर्षांची होती. हे संस्कार घेऊन ही मुले दक्षिणेत उतरली.

अँड्र्यू गुडमन हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचा वीस वर्षांचा विद्यार्थी २० जून रोजी मेरिडियन गावी पोहोचला. दुसऱ्याच दिवशी तो मायकेल श्वर्नर आणि जेम्स चेनी यांच्याबरोबर एका जाळल्या गेलेल्या चर्चची पाहणी करण्यास गेला. श्वर्नर चोवीस वर्षांचा, ज्यू, पूर्णवेळ कार्यकर्ता; चेनी एकवीस वर्षांचा, मेरिडियनचाच कृष्णवर्णीय तरुण. परतताना त्यांना वेगाने मोटार हाकल्याबद्दल अटक झाली. रात्री सोडण्यात आले. आणि वाटेत गाठून तिघांचीही हत्या करण्यात आली. चव्वेचाळीस दिवसांनी त्यांचे देह एका मातीच्या बांधाखाली सापडले.

श्रोतेहो, येथे आपण थांबून विचार करावयास हवा. या शोधासाठी साऱ्या देशाची यंत्रणा कामाला लागली. त्याच शोधात दोन बेपत्ता कृष्णवर्णीय तरुणांचे देह हाती लागले; त्यांच्यासाठी मात्र असा शोध कोणी घेतला नव्हता. केवळ चेनीच नाहीसा झाला असता, तर कोणी दखल घेतली नसती, हे श्वर्नरच्या पत्नीनेच, रीता श्वर्नर यांनी, उघडपणे बोलून दाखविले. पाहुण्या विद्यार्थ्यांच्या येण्याने देशाचे लक्ष वळेल, पण स्थानिकांचे पुढारपण झाकोळेल, ही शंका ‘स्निक’मध्ये आधीच व्यक्त झाली होती. ती खोटी नव्हती. सुटी संपली की विद्यार्थी परतणार होते. ज्यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला, ती कुटुंबे मात्र तेथेच राहणार होती. खरे धैर्य त्यांचे होते.

त्या उन्हाळ्यात सुमारे सतरा हजार कृष्णवर्णीय नाव नोंदविण्यास गेले. सुमारे सोळाशेच अर्ज स्वीकारले गेले. आकड्यांत हे अपयशच म्हणावे लागेल. परंतु चाळीसहून अधिक ‘स्वातंत्र्यशाळा’ उघडल्या गेल्या. तेथे वाचन-गणिताबरोबर मुलांना त्यांचाच इतिहास शिकविला गेला आणि प्रश्न विचारण्याची सवय लावली गेली. पुढील वर्षी, १९६५च्या ऑगस्टमध्ये, मतदान हक्काचा कायदा झाला. न्याय मात्र रेंगाळला : राज्याच्या न्यायालयात एका सूत्रधारास शिक्षा झाली ती २००५ साली, एक्केचाळीस वर्षांनी.

त्याच वर्षीच्या कतरिना वादळानंतर ‘हिलेल’ या ज्यू विद्यार्थी संघटनेतर्फे विद्यार्थ्यांच्या तुकड्या सुटीत आखाताच्या किनाऱ्यावर गेल्या. पडक्या घरांतील चिखल उपसणे, कुजलेल्या भिंती काढणे, हे त्यांचे काम. आपल्याकडे बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे १९६७ साली सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी याच जातीची. तेथे जाऊन आलेला तरुण गावावर उपकार करून येत नाही. काहीतरी शिकून येतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, सुटीत सेवेस जाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बोलावणे कोणाचे आहे, हे आधी पाहा; आणि आपण परतल्यावर मागे राहणाऱ्यांचे काय होणार, हे विचारा. बारा महिने तेथे राबणाऱ्यांच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा नाही. मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू आचार्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी घेणाऱ्याला स्वावलंबी करण्याची आहे. शिक्षकाचे कामही याहून वेगळे नसते. आणि म्हणूनच गुरुजनांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्यासपीठावरून हा विषय मांडावासा वाटला.