जुना दिवा आणि नवा वीजपुरवठा

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात लिव्हरमोर नावाचे एक गाव आहे. तेथील अग्निशामक दलाच्या ठाण्यात छताला एक विजेचा दिवा टांगलेला आहे. हा दिवा १९०१ साली लावला, तो अजून जळतो आहे. १९७६ साली ठाणे नव्या जागी गेले तेव्हा तो थोडा वेळ बंद होता, अधूनमधून वीजही गेली असेल. पण दिवा तोच. आतली तार कार्बनची, काच माणसाने तोंडाने फुंकून केलेली.

२०१३ सालच्या मे महिन्यात एका रात्री हा दिवा विझला. त्याच्यावर कॅमेरा रोखलेला असतो, त्यामुळे दूरदूरच्या लोकांनीही ते पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनला बोलावले. साधी वायर लावून दिवा थेट विजेला जोडला, तर तो झटकन लागला! दिवा शाबूत होता. बिघडले होते ते त्याला अखंड वीज मिळावी म्हणून मुद्दाम बसवलेले आधुनिक यंत्र.

ही हकीकत ऐकून आपल्याकडचे कोणीही वडीलधारे म्हणतील, "मी सांगत नव्हतो? जुनं ते सोनं!" पण हे म्हणणे निम्मेच खरे आहे. तो दिवा आज फक्त चार वॉटचा उजेड देतो. देवघरातला झिरोचा बल्ब समजा. त्याखाली पोथी वाचता यायची नाही. शिवाय त्याच्याबरोबर बनलेले बाकीचे दिवे कधीच उकिरड्यावर गेले. जे टिकले तेवढेच आपल्या डोळ्यांपुढे राहते, आणि आपण म्हणतो, पूर्वीचे सगळेच टिकाऊ होते.

आता दुसरे निम्मे पाहू. शाळेच्या प्रयोगशाळेत बॅटरी एलिमिनेटर असतो, तो शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. उघडला तर आत लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, दोन-चार डायोड, एक कपॅसिटर, संपले. जुने कारागीर या कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात. वजनाला मात्र हा डबा वरवंट्यासारखा. मोबाइलचा चार्जर तेच काम करतो आणि मुठीत मावतो. हे कसे?

मोट आणि रहाट आठवा. मोट सावकाश वर येते, म्हणून एका खेपेला पुष्कळ पाणी आणावे लागते. ती मोठी हवी. रहाटाची गाडगी लहान, पण एकामागून एक भराभर येतात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. एवढ्या संथ चालीला मोठा लोखंडी गाभा लागतो. नव्या यंत्रात ही वीज आधी एकदिश करतात, मग सेकंदाला पन्नास हजार, लाख वेळा तोडतात-जोडतात. मग नखाएवढा गाभाही पुरतो. वीजही कमी वाया जाते. आणखी असे की चांगल्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. संध्याकाळी दाब १६० वर आला तरी तो निमूटपणे काम करतो. पूर्वी टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवावा लागे, तो याच कारणाने. त्या बाबतीत नवे यंत्र जुन्यापेक्षा भरवशाचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मग ते मरते कशाने? बहुधा दोन गोष्टींनी. पहिली उष्णता. आतल्या कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो, तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांनी उष्णता वाढली की त्याचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो, म्हणजे अहोरात्र चालवला तरी साडेतीन वर्षांवर. तोच ८५ अंशांना वर्षसुद्धा काढत नाही. एलईडी दिवा बंद काचेच्या गोळ्यात कोंडला की असाच लवकर जातो. जुन्या पिवळ्या बल्बला त्या उष्णतेचे काहीच वाटत नसे.

दुसरी गोष्ट खेड्यात फार महत्त्वाची. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, की दाबाची वाटणी बिघडते. ज्या फेजवर वापर कमी, तिथे दाब ४०० व्होल्टांकडे चढू लागतो. जुना ट्रान्सफॉर्मर अशा वेळी गुरगुरतो, तापतो, वास सुटतो. तोही जळेल, पण उठून बटण बंद करायला माणसाला अवधी देतो. नव्या यंत्रात कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टांचा असतो, आणि त्याच्यावर येणारा दाब तर साडेपाचशेवर जातो. फट्‌ आवाज होतो आणि संपते. एका रात्रीत आळीतले टीव्ही, शाळेचा संगणक, दूध केंद्रातला वजनकाटा सगळे बसतात, ते यामुळे. एका घरात दिवे भगभगीत आणि शेजारी मिणमिणते, असे एकदम दिसले तर ताबडतोब मेन स्विच पाडा आणि वायरमनला कळवा. डीपीवर स्वतः चढू नका.

माझी तक्रार नव्या युक्तीवर नाही. ती उत्तम आहे. तक्रार आहे ती चार पैसे वाचवण्यासाठी हलका कपॅसिटर घालणाऱ्या आणि डबा गोंदाने कायमचा बंद करणाऱ्या कारखानदारावर. जुना ट्रान्सफॉर्मर तालुक्याच्या गावचा कोणीही कारागीर पुन्हा गुंडाळून देई. आजही पुष्कळदा एक कपॅसिटर बदलला की यंत्र चालू होते, पण उघडायचे कसे? घेताना वॉट आणि किंमत पाहतो, तसे हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती होते का, हेही दुकानदाराला विचारावे.

शिक्षकांनी गेलेला एलईडी दिवा वर्गात अवश्य उघडून दाखवावा. डोके फुगलेला कपॅसिटर मुलांना चटकन ओळखता येतो. मात्र दिवा काढून एक दिवस तसाच ठेवा आणि मगच उघडा. वीज तोडल्यावरही कपॅसिटर काही वेळ झटका देऊ शकतो.