फोटोखाली नाव कुणाचं?

(वर्धा इथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया'. जाहिरातीतल्या बाईपासून मालिकेतल्या सासूपर्यंत या विषयावर पुष्कळ बोलता येईल, आणि आपण ते बोलतोच. आज मी एका बारीक गोष्टीबद्दल बोलणार आहे. वर्तमानपत्रात फोटोच्या खाली, कोपऱ्यात, 'छाया' असं लिहून पुढे एक नाव छापलेलं असतं. त्या नावाबद्दल.

देवळी तालुक्यातल्या आमच्या गटात एक मुलगी आहे. भावाच्या फोटो स्टुडिओत काम करते. लग्नात मांडवातले, स्टेजवरचे फोटो भाऊ काढतो. हळद, बांगड्या भरणं, नवरीची खोली हे हिच्याकडे, कारण तिथे पुरुष माणूस चालत नाही. मागच्या हंगामात तिने कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो काढले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. त्यातला एक फोटो भावाने एका दैनिकाला पाठवला आणि तो पुरवणीत छापून आला. घरी पेढे वाटले. ती कात्रण घेऊन माझ्याकडे आली. मी नेहमीसारखं "वा, अभिनंदन!" म्हटलं. ती गप्प. मग म्हणाली, "ताई, याच्यात माहं नाव कुठी हाय?"

मी बघितलं. खाली स्टुडिओचं नाव होतं, आणि स्टुडिओ भावाच्या नावाने आहे.

होमाई व्यारावाला हे नाव इथे किती जणींनी ऐकलंय? हात वर करा. तीन. बरं, मीही समाजकार्याची एम.ए. होईपर्यंत ऐकलं नव्हतं.

भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांना ओळखतात. जन्म १९१३ चा, नवसारीचा. पारशी घर, वडील नाटक कंपनीतले. होमाई वाढल्या मुंबईत आणि शिकल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी. ते स्वतः फोटोग्राफर होते आणि पुढे दोघांचं लग्न झालं. १९३८ च्या सुमाराला 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये होमाईंचे पहिले फोटो छापले गेले. बायकांच्या क्लबची सहल होती, तिचे ते फोटो. एका फोटोला एक रुपया मिळाला. नंतर 'इलस्ट्रेटेड वीकली'सारख्या मोठ्या साप्ताहिकात त्यांचे फोटो येऊ लागले. पण ते छापले जात माणेकशांच्या नावाने. होमाईंना कुणी ओळखत नव्हतं, त्यातून बाई. पुरुषाचं नाव असलं की संपादकाला भरवसा वाटायचा.

इथे एक सांगते, कारण आपल्या मेळाव्यात गोष्ट लगेच 'नवरा वाईट' अशी होऊन बसते. माणेकशा वाईट नव्हते. बायको फोटो काढायला बाहेर आणि नवरा घरी अंधारखोलीत फिल्म धुतोय, नोंदी ठेवतोय, हे पुढे त्या घरात वर्षानुवर्षं चाललं. असा नवरा त्या काळात किती जणींना मिळाला असेल? आणि तरीही नाव त्याचंच छापलं गेलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. नाव जायला कुणी दुष्ट असावं लागत नाही. सगळ्यांना तेच सोयीचं वाटलं की पुरे.

१९४२ मध्ये दोघं ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीवर दिल्लीला गेले. नोकरी सांभाळून बाहेरची कामं घ्यायची मुभा होती, ती होमाईंनी पुरेपूर वापरली. सुरुवातीला साडी नेसून, जड सामान घेऊन, सायकलवर फिरायच्या. त्या काळी फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला, तेव्हा दहा-दहा फोटो काढून त्यातला बरा निवडायची सोय नव्हती. लाल किल्ल्यावरचा पहिला झेंडा, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर सोडणारे नेहरू, १९५६ मध्ये नथू ला खिंडीतून येणारे दलाई लामा, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं. कॅमेरावाली बाई ही हौशी असणार असं समजून लोक फारसं लक्ष द्यायचे नाहीत आणि त्यामुळे जवळ जाता यायचं, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे.

त्यांचं एक टोपणनाव होतं, 'डालडा १३'. त्यांच्या गाडीचा नंबर होता डीएलडी १३, त्यावरून. जन्मही १९१३ चा, म्हणून तेरा हा आकडा त्यांना आपला वाटायचा. एवढी कर्तबगार बाई आणि नाव वनस्पती तुपाच्या डब्याचं! पण हे नाव निदान तिने स्वतः घेतलं होतं.

वर्ध्याच्या माणसांना जवळचा वाटेल असा त्यांचा एक फोटो आहे. १९४७ साल, फाळणीच्या निर्णयाच्या बैठकीला गांधीजी येताहेत, बरोबर खान अब्दुल गफारखान आणि डॉ. सुशीला नय्यर. या त्याच सुशीलाबेन, ज्यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज उभं केलं. आपण बाळंतपणाला, तपासणीला बाया घेऊन जातो ते त्यांचंच हॉस्पिटल. त्या फोटोत सगळे गांधीजींना बघतात, थोड्या जणी सुशीलाबेनना ओळखतील, आणि काढणारी तर दिसतच नाही.

सेवाग्रामवरून कनू गांधी आठवतात. आश्रमातले बापूंचे किती तरी फोटो त्यांचे आहेत. बापूंनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कॅमेरा आला. म्हणजे हात कितीही चांगला असला तरी कॅमेऱ्याला आधी कुणी तरी पैसे द्यावे लागतात. हे लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

होमाईंचा एक फोटो राहून गेला. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसला प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. नवऱ्याने परत बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून. त्याच संध्याकाळी गांधीजींचा खून झाला. ही रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

१९६९ मध्ये माणेकशा गेले आणि १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या फोटोग्राफरांचं धक्काबुक्कीचं वागणं त्यांना पसंत नव्हतं. पुढे बडोद्याला राहिल्या. मुलगा १९८९ मध्ये वारला, त्यानंतर एकट्याच. त्यांचे फोटो पुस्तकांत, अंकांत फिरत होते आणि त्या बडोद्यात घरातली दुरुस्तीची कामंही स्वतःच्या हाताने करत होत्या. १९९८ मध्ये सबीना गडिहोक यांनी तीन स्त्री छायाचित्रकारांवर माहितीपट केला, त्यात होमाई होत्या. २००६ मध्ये सबीनांचंच होमाईंवरचं पुस्तक आलं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन झालं आणि २०११ मध्ये पद्मविभूषण. तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. १५ जानेवारी २०१२ ला गेल्या.

टाळ्या वाजवण्यासारखी गोष्ट आहे, मीही वाजवते. पण १९७० ते १९९८ ही अठ्ठावीस वर्षं मोजा. एका बाईने दुसरीचं काम शोधून, मांडून, लिहून काढलं, म्हणून तिचं नाव परत आलं. ज्यांना शोधायला कुणी गेलं नाही अशा किती असतील? देवळीच्या मुलीने ९७ वर्षं थांबावं का?

आता कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा 'कर्ता' म्हणजे ते काढणारी व्यक्ती. पगारावर काम केलं, किंवा गिऱ्हाइकाने पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते. पण कलम ५७ प्रमाणे 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा हक्क मालकी गेल्यावरही कर्त्याकडेच राहतो. भावाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कॅमेरा तर माहा हाय ना!" कायदा त्याच्या बाजूने नाही, पण कॅमेरा त्याच्याकडे आहे, हे खरंच.

आणि आपलं काय? आमच्या संस्थेच्या अहवालात गेली कित्येक वर्षं शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांचे फोटो आहेत. खाली लिहिलेलं असतं 'एकल महिला, सेलू तालुका'. फोटो काढणाऱ्या कार्यकर्तीचं नाव नाही, फोटोतल्या बाईचं नाही. त्यातली एक मला म्हणाली, "माहा फोटू छापला, मले इचारलं काय?" नवऱ्याची तसबीर हातात धरून उभी राहा, असं तिला सांगणारी मीच होते. सातबाऱ्यावर तिचं नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणारीही मीच. तिच्यासमोर मला उत्तर सुचलं नाही. यंदाच्या अहवालात तो फोटो नाही.

शेवटी पैशाचं. या मुलीने गटाकडे जुना कॅमेरा घ्यायला कर्ज मागितलंय. बैठकीत दोन तट पडले. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, कॅमेऱ्याला कसं द्यायचं? तिचं लग्न झालं की कॅमेरा सासरी जाईल, असंही एकीने म्हटलं. शेळी सासरी जात नाही का, असं मी विचारलं, तर हशा झाला, पण निर्णय झाला नाही. दुपारच्या सत्रात तिचा अर्ज पुन्हा ठेवलाय, हप्त्याच्या हिशेबासकट.

तिचे फोटो बाहेर व्हरांड्यात दोरीला लावलेत. जेवायला जाताना बघून घ्या. प्रत्येक फोटोखाली तिचं नाव आहे, आणि कापूस वेचणाऱ्या बाईचंही, जिला तिला विचारून लिहिलं. एकीने नको म्हटलं. तिचा फोटो लावलेला नाही.